शिमगा तोंडावर, बाळ जेवेना

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा. थंडीत वाटीभर मऊ भात संपवायचा; आता दोन घास झाले की खळ्यात पळतो. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. – एक आई, गुहागर

उत्तर : दृष्ट काढा हवी तर, मीठमोहऱ्यांनी काही बिघडत नाही. पण पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम २ ते २.५ किलो वाढतं. भूक मंदावणारच. त्यात आता दुपारी उकडतं. पहाटे घातलेलं स्वेटर अकरापर्यंत अंगात राहत नाही ना? मानेला हात लावून बघा.

मला काळजी खळ्याची. काजूबिया तिथेच वाळत पडलेल्या असतात. माझ्या लेकीनं अशीच एक चावली. चिकानं ओठ पोळला, आठवडाभर काळी खपली. भाजलेला गरही अख्खा देऊ नका, घशात अडकतो. बारीक कुटून पेजेत घाला.

पालखी दारात नाचेल तेव्हा त्याला ढोलाशेजारी नको, कडेवर घेऊन आत ओटीवर थांबा. आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. दोन-तीन महिने काटा हललाच नाही, तर डॉक्टरांना दाखवा.