मान दुखत नाही, पण बटण लागत नाही

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे आहेत. चार-पाच महिन्यांपासून त्यांना शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो. सही जुळली नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते, ते त्यांना कळतही नाही. मान अजिबात दुखत नाही, मधुमेह नाही. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, फरक नाही. वयामुळे होतंय का? — एक वाचक, सांगली

उत्तर : वयावर ढकलू नका. हाताची सफाई गेली आणि त्याच सुमारास चालही बिघडली, तर पहिला संशय मानेतल्या मज्जारज्जूवर घ्यायचा. मानेच्या मणक्यांमधली त्याची पोकळी समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. चकती मागे सरकली, हाड वाढलं, मागचा अस्थिबंध जाड झाला की ती अरुंद होते. १३ च्या खाली गेली की रज्जूला जागा अपुरी पडू लागते. हातांच्या नसा इथूनच निघतात आणि पायांकडे जाणारे तंतूही इथूनच खाली उतरतात, म्हणून दोन्हीकडे त्रास दिसतो. एखादी नस दबली तर एका हातात कळ उतरते. रज्जू दबला तर बऱ्याचदा काहीच दुखत नाही, आणि तिथेच महिनोन्‌महिने वाया जातात. मनगटात नस दबल्यानेही बोटं बधिर होतात, पण त्यात चाल बिघडत नाही.

घरी एक गोष्ट करून बघा. घड्याळ लावून १० सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. साधारणपणे २० वेळा जमतं. आकडा त्याहून बराच कमी आला, किंवा बोटं उघडताना मनगटच खाली वाकायला लागलं, तर ती रज्जूची खूण असू शकते. मग फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला नेमकी माहिती मिळते.

न्यूरॉलॉजिस्ट किंवा मणक्याच्या सर्जनकडे जा. एक्स-रेत हाडं दिसतात, रज्जू दिसत नाही. मानेचा एमआरआय लागतो. पायाची तक्रार म्हणून नुसता कमरेचा एमआरआय होतो आणि मान राहून जाते, असं फार वेळा घडतं. बी-१२ च्या कमतरतेनेही हुबेहूब अशीच लक्षणं येतात, त्यामुळे ती तपासणी योग्यच होती. पण एक सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही.

प्रश्न : एमआरआयमध्ये रज्जूवर दाब आहे. माझे गुण १८ पैकी १६ आले. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करता येईल, किंवा लक्ष ठेवून थांबताही येईल. थांबायचं तर नेमकं काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : रज्जूच्या दाबाने कामावर किती परिणाम झाला हे मोजायचे हे गुण हात (५), पाय (७), संवेदना (३) आणि लघवीवरचा ताबा (३) यांचे असतात; जितके कमी, तितका त्रास जास्त. १५ ते १७ म्हणजे सौम्य. इथे थांबणं हा मान्य पर्याय आहे. १४ किंवा त्याखाली ऑपरेशनचाच सल्ला दिला जातो. मात्र व्यायामाने पोकळी रुंद होत नाही, हे मनात पक्कं असू द्या. ऑपरेशन न केलेल्यांपैकी २० ते ६० टक्के रुग्णांची स्थिती ३ ते ६ वर्षांत खालावते. म्हणून थांबायचं ते मोजमाप ठेवून.

मान मागे टाकली की मागचा अस्थिबंध आत दुमडतो आणि आधीच कमी असलेली जागा आणखी आवळली जाते. माळ्यावरचे डबे काढणं, छत रंगवणं, पार्लरच्या बेसिनवर मान टेकून केस धुणं बंद. उशी एकच, कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांतलं अंतर भरेल इतकी. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सुरुवात साधारण अशी असते : मान सरळ, तळवा कपाळावर, हलका दाब, मान हलू द्यायची नाही, ५ सेकंद, मग दोन्ही बाजूंना तसंच. प्रत्येकी १० वेळा, दिवसातून दोनदा. पाठीतून विजेसारखी चमक गेली तर तिथेच थांबा. कॉलर महिनोन्‌महिने लावली की स्नायू दुबळे होतात. गोळ्यांनी मुंग्या कमी होतात, दाब नाही. त्यामुळे बरं वाटलं म्हणून तपासणी चुकवू नका.

सगळ्यात जपायचं पडण्यापासून. अरुंद पोकळीत साध्या ठेचेनेही दोन्ही हात लुळे पडू शकतात. मोरीत दांडी, रात्री दिवा, पायाखालची सुटी पायपुसणी काढून टाका. आणि एक वही करा : दर महिन्याच्या १ तारखेला १० सेकंदांतल्या मुठी, १० मीटर चालायला लागलेला वेळ आणि स्वतःची सही.

प्रश्न : न्हाव्याकडे मान मोडून घेतली, वजन लावून ताण दिला, तर दाब सुटतो का? शीर्षासन चालेल? — एक वाचक, ठाणे

उत्तर : रज्जूवर दाब असेल तर तिन्ही नको. झटक्याने कायमची इजा होऊ शकते. लघवी अडली किंवा सुटू लागली, हातापायातली ताकद एकाएकी गेली, पडल्यानंतर हात चालेनासे झाले, तर मान न हलवता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. मुठींचा आकडा हळूहळू घसरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनना भेटा. ऑपरेशनने बहुतेकदा घसरण थांबते, पण गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. आणि हर्नियाचं असो की मोतीबिंदूचं, दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना मानेचा एमआरआय दाखवा. पूर्ण भूल देऊन नळी घालताना मान मागे करावी लागते.