शुक्राचा पृष्ठभाग ग्रहाच्या वयाच्या मानाने इतका तरुण का मानला जातो?

शुक्राचा आजचा पृष्ठभाग सरासरी सुमारे ५० कोटी वर्षांचाच मानला जातो, कारण त्याआधीची जमीन लाव्ह्याखाली जवळजवळ पूर्णपणे गाडली गेली आहे. हे वय खडकांचे नमुने तपासून नव्हे, तर अशनींच्या आघाताने पडलेली विवरे मोजून काढलेले आहे: १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने दाट ढगांतून रडारच्या साहाय्याने सुमारे ९८ टक्के पृष्ठभाग टिपला, तेव्हा साडेचार अब्ज वर्षांच्या या ग्रहावर जेमतेम हजारभर विवरे आढळली; जमीन जितकी जुनी, तितकी विवरे जास्त साचतात, म्हणून इतकी कमी विवरे तरुण पृष्ठभाग दर्शवतात. (लहान विवरे जवळपास नाहीतच, कारण लहान अशनी पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाबाच्या त्या वातावरणातच नष्ट होतात, आणि वय काढताना ही बाब विचारात घ्यावी लागते.) मात्र हा लाव्हा थोडक्या काळात सर्वत्र पसरला की कोट्यवधी वर्षे टप्प्याटप्प्याने साचत गेला, यावर एकमत नाही. दुसरी शक्यता मला अधिक पटते, कारण शुक्रावरील ज्वालामुखी अजूनही शांत झालेले दिसत नाहीत. माट मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावरील एक मुख १९९१ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत सुमारे २ चौरस किलोमीटरवरून ४ चौरस किलोमीटरपर्यंत रुंदावल्याचे मॅगेलनच्याच जुन्या प्रतिमांतून २०२३ मध्ये उघड झाले.