विज्ञानकथांमध्ये युद्ध पेटल्यावर सहा महिन्यांत शेकडो तारकायानं बांधून लढायला तयार होतात. हे शक्य वाटतं का?

बांधणं एकवेळ पटेल, ‘तयार’ पटत नाही. १९४२ साली अमेरिकेने ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात सोडलं होतं, पण ते साधं मालवाहू, भाग आधीच जोडून ठेवलेले, आणि तो विक्रमासाठी केलेला खटाटोप. उलट आपली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ बघा: २००९ला कोचीत कणा ठेवला, २०१३ला जलावतरण, नौदलात दाखल २०२२. सांगाडा तरंगल्यावर नऊ वर्षं! वेळ खातात ते यंत्रं, केबल, चाचण्या.

आमच्याकडे देवगडला मासेमारी बंदीच्या जून-जुलैत होड्या शाकारलेल्या असतात. ऑगस्टात ताडपत्री काढली की लगेच समुद्रात, असं कुठे होतं? इंजिन खोकतं, जाळी उंदरांनी कुरतडलेली, आणि खलाशी गावाहून आलेलेच नसतात. ही साध्या मासेमारीची गत.

लेखक नेमकं हेच विसरतात. यान कारखान्यात छापता येईल, मुरलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कुठून छापणार? त्यापेक्षा जुनी, शाकारून ठेवलेली यानं घाईघाईत बाहेर काढली आणि निम्मी वाटेतच बंद पडली, अशी कथा मला जास्त खरी वाटेल.