फुजैराच्या टँक टर्मिनलवर जाताय? सही करण्याआधी हे बघा

मुंबईत माहुलला टँक फार्म (तेलाच्या टाक्यांचं आगार) ऑपरेटर आहात, यूएईतल्या फुजैरा बंदराची ऑफर आलीय, घ्यावी का, असं विचारलंत. आधी ऑफर कच्च्या तेलाच्या निर्यातीतली आहे की भाड्याच्या टाक्यांची, ते काढा.

अबुधाबीच्या हबशानहून 2012 पासून पाइपलाइन फुजैराला येते, रोज सुमारे 15 लाख बॅरल क्षमतेची. होर्मुझची सामुद्रधुनी टाळून तेल थेट ओमानच्या आखातात काढायला ती टाकली. जहाजं किनाऱ्यापासून दूर, तरंगत्या बॉयाला बांधून भरतात. एका व्हीएलसीसीत, म्हणजे महाकाय तेलवाहू जहाजात, जवळपास 20 लाख बॅरल. माल अफाट, पण माणसं थोडी.

गावाला खरा रोजगार देतात बंकर (जहाजांचं इंधन) आणि साठवण. जहाजांना इंधन देणाऱ्या जगातल्या मोठ्या बंदरांत फुजैरा आहे, म्हणून टाक्या, इंधन नेणारे बार्ज, माल तपासणारे सर्व्हेयर, जहाजांना सामान पुरवणारे चँडलर सगळे इथे. पुढच्या महिन्यांचा भाव चढा असला की व्यापारी टाक्या भरून ठेवतात. उलट झालं की टाक्या रिकाम्या, आणि पहिला आटतो तो ओव्हरटाइम. ओव्हरटाइम धरून घराचा हप्ता ठरवू नका.

एकूण पगारापेक्षा बेसिकवर (भत्ते सोडून मूळ पगारावर) भांडा. ग्रॅच्युइटी बेसिकवरच: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांची, पुढे 30. बेसिक 1,600 दिरहम असेल तर पाच वर्षांचे 5,600. 2,400 असेल तर 8,400. एकूण आकडा तोच दाखवून भत्ते फुगवलेले असतात.

कागदांत अडतं ते नाव. डिप्लोमावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. अटेस्टेशनला (कागद सरकारी शिक्क्याने प्रमाणित करायला) देण्याआधीच हे जुळवा.

कामातला फरक: गरम फर्नेस ऑइलच्या टाकीत एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) छताखाली साचतो. डिप हॅच (तेल मोजायचं टाकीवरचं झाकण) उघडताना वारा आडवा घ्या, पाठीवर नको. पाठीमागून आलेला वारा अंगासमोर भोवरा करून वायू तोंडाशीच आणतो. गॅस मॉनिटर छातीवर, खिशात नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उन्हातल्या कामाला बंदी असते, मात्र थांबवता न येणाऱ्या कामाला सूट मिळते. तुमची शिफ्ट कशात मोडते ते लेखी विचारा.

एजंटाच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे कामाच्या व्हिसात बदलून देऊ’ म्हणाला, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊच नका.