भट्टीपुढंच उभं राहायचं का?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची दुसरी फेरी लागली त्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काम करणारे गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीचं कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं होतं, हातात मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची शाखा, होती. "मॅडम, मी बावीस वर्षं भट्टीपुढं काढली. पोरीनंबी तेच करायचं, तर शिकवलं कशाला?"

मुलगी खाली मान घालून बसलेली. मी तिला सोडून वडिलांनाच विचारलं, माल रिजेक्ट कधी होतो? ते खुलले. "एसजी आयर्नला मॅग्नेशियम दिलं की पटापटा ओतायचं. लॅडल थांबलं की माल गेला." (एसजी आयर्न म्हणजे मॅग्नेशियम घातलेलं चिवट बीड, लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं.)

"पण का, पप्पा? लोखंड तर तेच असतं की!" मुलगी पहिल्यांदा बोलली.

मी कागद ओढला. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरतं. पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथून धावतो. मॅग्नेशियममुळे त्याच ग्राफाइटचे गोळे होतात, टोकं उरत नाहीत, म्हणून तो माल तुटण्याआधी ताणला जातो. उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं आणि गोळे बिघडतात. गोळा का होतो ते मटेरियल सायन्स, टोकाशी ताण किती चढतो ते मेकॅनिक्स. १९५४मध्ये कॉमेट विमानं हवेत फुटली तीही अशीच: प्रत्येक उड्डाणात केबिनचा दाब चढे-उतरे, धातू थकत गेला आणि तडा वाढत गेला. हे ऐकताना ती पुढे सरकून बसली होती. माझ्यासाठी ही खूण तिच्या सीईटीच्या पर्सेंटाइलपेक्षा मोठी होती.

तरी गोड गोड बोलून मी कुणाला पाठवत नाही. कारखान्यात सुरुवातीचा पगार बहुतेकदा आयटीपेक्षा कमी, शिफ्टही करावी लागते. संशोधनाची वाट लांब आहे: एमटेक प्रवेशाच्या गेट परीक्षेत मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर, एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन, पुढे पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना २०२३पासून ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता. पण त्या वाटेवर जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आहे, हैदराबादची डीएमआरएल ही संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा आहे, कल्पाक्कमचं अणुसंशोधन केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मेटलर्जीचे इंजिनिअर घेतात. गाड्यांचे भाग कधी थकतील याचा हिशोब पुण्यात कितीतरी ठिकाणी चालतो, आणि तिथे कोडिंगही लागतंच. तिची कॉम्प्युटरची आवड वाया जाणार नव्हती.

वडिलांना एकच शंका उरली होती. "म्हणजे पोरगी भट्टीपाशी नाही जाणार?"

"जाईल," मी म्हटलं, "पण माल का गेला हे सांगायला."

त्यांनी लगेच होकार दिला नाही. घरी दोन दिवस बोलणं झालं, मग सीट फ्रीझ केली, म्हणजे मेटलर्जीचीच जागा पक्की केली.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी तिचा फोटो आला: मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे गोल ठिपके. पप्पांना दाखवलास का, असं मी विचारलं.

"मॅडम, तुकडा त्यांनीच आणून दिला. रिजेक्ट झालेलाही एक दिलाय, तो उद्या पॉलिश करणार आहे."