मेणबत्त्या जळत असतात तेवढा वेळ

प्रश्न : मैत्रिणीच्या घरच्यांनी हनुक्काच्या, म्हणजे ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाच्या, पहिल्या संध्याकाळी बोलावलं आहे. ते ज्यू आहेत, मी नाही. मी थोडंफार गाते, म्हणून ‘एखादं गाणं बसवून ये’ असा हुकूम आहे. नेटवर ढीगभर गाणी सापडली. कोणतं घेऊ आणि ते म्हणायचं कधी?

उत्तर : आधी ‘कधी’ बघू, म्हणजे ‘कोणतं’ सोपं होईल. पहिल्या रात्री एक मेणबत्ती आणि ती पेटवायला वेगळी ‘शमाश’ असते. रोज एक वाढत आठव्या रात्री आठ होतात. पेटवण्याआधी आशीर्वचनं म्हणतात, पहिल्या रात्री तीन आणि पुढे रोज दोन. ती घरच्यांची. तुम्ही फक्त ‘आमेन’ म्हणा. मग ‘हानेरोत हालालू’ हा छोटा पाठ येतो. त्यात स्पष्टच म्हटलंय, की हे दिवे वापरायचे नाहीत, नुसते बघायचे. म्हणजे त्यांच्या उजेडात वाचायचं नाही की शिवायचं नाही. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ते जळायला हवेत आणि तेवढा वेळ बायकांनी हातातलं काम बाजूला ठेवावं, अशी जुनी रीत आहे. आता सांगा, रिकाम्या हातांनी दिव्यांकडे बघत बसलेली माणसं दुसरं काय करणार? गाणी या अर्ध्या तासाची आहेत. जेवताना मागे लावून ठेवायला नव्हेत.

पहिलं गाणं बहुतेक ‘माओझ त्सुर’ असेल. युरोपीय वळणाच्या घरांत तेच म्हणतात. स्पेनकडून आलेल्या किंवा पूर्वेकडच्या परंपरेच्या घरांत त्याऐवजी बायबलमधलं तिसावं स्तोत्र म्हणायची पद्धत आहे, तेव्हा मैत्रिणीला आधी विचारा. ‘माओझ त्सुर’चे शब्द तेराव्या शतकातले असावेत. पहिल्या पाच कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की कवीचं नाव निघतं : मोर्दखाय. चाल मात्र जर्मन लोकगीताच्या वळणाची, चर्चमधल्या भजनाशीही नातं सांगणारी. सुरुवात सा, खालचा प, पुन्हा सा, मग म ग रे सा. बिलावलचे शुद्ध स्वर. दोनदा ऐकलंत की गळ्यात बसेल. व्हेनिसमधल्या जर्मन ज्यूंची याच गाण्याची एक निराळी चाल संगीतकार बेनेदेत्तो मार्चेल्लोनं अठराव्या शतकात टिपून ठेवली. मला ती जास्त आवडते, पण पाहुणीनं ती काढू नये. घरचे गप्प होतील.

हे अनुभवाचे बोल. अशाच एका घरी मी सहाही कडवी घोकून गेले होते. पहिलं कडवं झालं, शेवटची ओळ सगळ्यांनी दोनदा घोळवली आणि थांबले. मी डोळे मिटून दुसऱ्यात शिरले. दीड ओळ एकटीच गात होते. आजोबांनी दया येऊन साथ दिली, पण शब्द त्यांनाही आठवत नव्हते. तेव्हा एकच कडवं नीट बसवा.

तुमचं स्वतःचं म्हणून ‘ओचो कांदेलिकास’ घ्या. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी जपलेल्या लादिनो भाषेत ते आहे. एक ते आठ मेणबत्त्या मोजत जायचं, एवढंच, त्यामुळे पाठांतर फार नाही. फार जुनं वाटतं, पण बोस्नियात जन्मलेल्या फ्लोरी जागोदा यांनी ते १९८३ मध्ये रचलं. कोमल गंधाराची चाल, टँगोसारखी डुलणारी. मुलं टाळ्या धरतात आणि मोजता मोजता लय पळवतात. पळू द्या.

संगीतकार हँडेलच्या ‘ज्युडास मॅकेबियस’ या ऑरेटोरिओतला, म्हणजे गायनातून सांगितलेल्या धार्मिक कथेतला, विजयाचा कोरस सुचवणारेही भेटतील. ज्युडास हा हनुक्काच्या कथेचा नायक. तो ऑरेटोरिओ लंडनला १७४७ मध्ये झाला. गंमत म्हणजे तो कोरस मुळात ‘जोशुआ’ या हँडेलच्याच दुसऱ्या ऑरेटोरिओसाठी लिहिलेला, इथे मागाहून आला. बीथोव्हेननं १७९६ मध्ये त्यावर चेलो आणि पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स केली. लेव्हिन किपनिस यांच्या हिब्रू शब्दांमुळे मुलंही तो गातात. छान आहे, पण चार-पाच गळे हवेत. एकटीनं गायलात तर मिरवणूक निघाली आणि माणसंच आली नाहीत, असं वाटेल.

प्रश्न : मुलाला ‘सेविवोन’ हे हनुक्काचं गाणं शिकवतोय. एका ध्वनिफितीत ‘हाया शाम’ आहे, दुसरीत ‘हाया पो’. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. सेविवोन म्हणजे चौकोनी भोवरा. त्याच्या चार बाजूंवरची अक्षरं ‘नेस गादोल हाया शाम’ची, म्हणजे ‘तिथे मोठा चमत्कार झाला’. चमत्कार जेरुसलेमच्या मंदिरातला, एका दिवसाचं तेल आठ दिवस जळाल्याचा, म्हणून इस्रायलमध्ये ‘शाम’ जाऊन ‘पो’ येतं : ‘इथे’. भोवऱ्यावरचं अक्षरही बदलतं, ‘शिन’च्या जागी ‘पे’. तुमच्या भोवऱ्यावर जे असेल ते गा.

प्रश्न : आमचं आमंत्रण शुक्रवारचं आहे. गिटार नेऊ का?

उत्तर : हनुक्कात वाद्यांना अडचण नाही, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, आहे. शुक्रवारी हनुक्काचे दिवे सूर्यास्ताआधी लावतात आणि लगेच शब्बाथचे. त्यानंतर काटेकोर घरांत वाद्य नाही, फोनवरचं गाणंही नाही, नुसता गळा. सगळी घरं तितकी काटेकोर नसतात, म्हणून यजमानांना फोन करा, पण शुक्रवारी दुपारपर्यंतच. ‘नको’ म्हणाले तर ‘मी येमालेल’ हे हनुक्काचं हिब्रू गाणं दोघांत बसवा. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं मागून धरायचं. गिटारची उणीव भासणार नाही.