मुलाला ख्रिस्ती विश्वासात कसं वाढवावं, आणि सोसायटीच्या गणपतीचं काय करावं?

तुमचा मुलगा सहा वर्षांचा, दोघंही नोकरीला, घर पुण्यातल्या नव्या सोसायटीत. विचारलंय तीन गोष्टींबद्दल: घरची प्रार्थना कधीपासून आणि किती वेळ, ते 'हेतुपूर्वक पालकत्वा'चं सहा शनिवारांचं शिबिर करावं का, आणि सोसायटीच्या गणपतीत मुलाला जाऊ द्यावं का. पहिल्या दोन्हींवर वर भरपूर उत्तरं आलीत. तिसऱ्याला कुणीच हात लावलेला नाही, आणि मला बोचलं ते तेच. म्हणून लिहिते आहे.

आम्ही नगरचे. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी दिवे लागले की पेटी निघायची, 'उपासना संगीता'तलं एक पद व्हायचं, बहुतेक वेळा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, मग शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, चार ओळी आणि बाबांची प्रार्थना. आई भाकऱ्या थापता थापताच 'आमेन' म्हणायची. दहा मिनिटं. रविवारी शब्बाथ शाळा, हार्वेस्टला, म्हणजे कापणीच्या सणाला, देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव. याला कुणी पालकत्व म्हणत नव्हतं.

लग्न होऊन पुण्यात आले. मोठ्या नणंदबाई, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, आमच्या आधीपासून इथल्या एका इंग्रजी फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत, जात होत्या. तिथे पालकांसाठी वर्ग चालायचे, जाडजूड फायली मिळायच्या, घरी लावायला तक्ते मिळायचे. तुम्ही म्हणताय तेच शिबिर, फक्त 2001 सालचं.

त्या वर्षी माझी मुलगी सात वर्षांची होती. खालच्या मांडवात रोज संध्याकाळी आरती, आणि इमारतीतली सगळी पोरं तिथे. मीही सोडलं. न सोडून करते काय, एकटीला गॅलरीत उभी करू? दुसऱ्याच दिवशी ताई जेवायला आल्या, तर ही पाट मांडता मांडता आरती म्हणतेय, एक शब्द चुकत नाहीये. ताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तेविसावं स्तोत्र येतं का गं?" ही बायबलमधलं ते स्तोत्र उत्साहाने म्हणायला लागली आणि हिरव्यागार कुरणापाशी अडकली. पुढे सरकेच ना. ताई पोरीला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई कुठे असते हिची?"

मी बँकेत असायचे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. ते वाक्य मला अजून बोचतं.

त्याच रात्री मी फर्मान काढलं. खाली जायचं, पण मागे उभं राहायचं. हात जोडायचे नाहीत. खिरापत खायची नाही. म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. मोठ्या माणसाला निभावता येणार नाही असा नियम मी सात वर्षांच्या पोरीच्या हातात दिला.

पाच दिवसांनी शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा: मुलीच्या कंपासमध्ये मुंग्या, कृपया स्वच्छता पाळावी. कंपास उघडला तर पेन्सिलींच्या खाली पाच दिवसांची खिरापत. खोबरं, साखर, पेढ्याचा तुकडा, दोन चेमटलेले लाडू. खालच्या काकू हातावर ठेवायच्या, त्यांना नाही म्हणवेना. आईने खाऊ नको सांगितलेलं. टाकून द्यावं तर खाऊ टाकू नये हेही मीच शिकवलेलं. मग पोरीने ते जपून ठेवलं होतं. आणि मी काय केलं? पाठीत धपाटा घातला. आधी मुंग्यांसाठी, मग खोटेपणासाठी, जो तिने केलेलाच नव्हता.

बाबा तेव्हा नगरहून डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी कंपास नळाखाली धुतला, गॅलरीत उन्हात ठेवला आणि रात्री जेवणानंतर बायबलमधलं, पौलाने लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं. आठवा आणि दहावा अध्याय. शब्बाथ शाळेत हे अध्याय घाईने उरकतात, पण आपल्यासारख्यांच्या शेजाराला इतका उपयोगी भाग नव्या करारात दुसरा नाही. पौल म्हणतो, अन्नाने काही आपण देवाच्या जवळ जात नाही. बाजारात विकतात ते न विचारता खा. परक्याने जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. ताईंचं बोट कायम या शेवटच्या वाक्यावर असतं. माझं त्याच्या आधीच्या वाक्यांवर. बाबांनी दोन्ही वाचली आणि निकाल दिला नाही. नातीला विचारलं, "काकूंचा डबा आहे का आपल्याकडे?" होता. ऋषीच्या भाजीचा.

दुसऱ्या दिवशी त्यात साखर घालून, कारण डबा रिकामा परत देत नाहीत, बाबा नातीचं बोट धरून खाली गेले. काकूंना सरळ सांगितलं, आमच्यात नैवेद्य घेत नाहीत, पोरीला ते तुम्हाला सांगता येईना, रागावू नका. तुमच्या हातचं मात्र काहीही आवडीने खाऊ. काकू रागावल्या नाहीत. त्या संकष्टीला वर डबा आला आणि दारातूनच हाक: "ताटातले नाहीत हो, नंतर वाफवलेत!" पुढे सतरा वर्षं, त्या मुलाकडे राहायला जाईपर्यंत, आमचे मोदक नंतर वाफवलेले असायचे. नाताळात आमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे जायचा. केकमध्ये अंडं नसायचं. ते आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. 'आई कुठे असते' डोक्यातून जात नव्हतं. ताईंच्या फायलीतला तक्ता मी फ्रिजवर लावला. एक वचन पाठ, एक चांदणी. दहा चांदण्यांना बाहेर डोसा. रात्री आठची प्रार्थना पंचवीस मिनिटांवर गेली आणि चुकली की टीव्ही बंद. पोरीने चौऱ्याऐंशी वचनं पाठ केली. आकडा लक्षात आहे, कारण मी तो भेटेल त्याला सांगत होते.

2009 मध्ये दृढीकरणाचा वर्ग झाला, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा, त्याची तयारी. पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलींना पांढरे ड्रेस शिवून झाले. आदल्या आठवड्यात आमची पाळकसाहेबांना म्हणाली, मला उत्तरं पाठ आहेत, पण सगळ्यांसमोर विचारलंत तर हो म्हणता येणार नाही. पाळकसाहेब भले, म्हणाले थांब मग. मीही थांबू दिलं. ताईंनी मला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. त्यांचं म्हणणं, हा त्या आरतीचा परिणाम. माझं म्हणणं, चांदण्यांचा. दर नाताळला, जेवणं झाली की, हा वाद एकदा व्हायचाच. त्या नीतिसूत्रे 22:6 काढायच्या, मुलाला योग्य वळण लावा. मी म्हणायचे, ताई, ते तुमच्या इंग्रजी फायलीतलं. आपल्या मराठी शास्त्रात 'मुलाच्या स्थितीस अनुरूप' शिक्षण द्या असं आहे. स्थिती मुलाची. तुमची नाही, माझीही नाही. आणि बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, हे इफिसकरांस पत्रात लिहिलंय, ते तुमच्या तक्त्यावर कुठल्या चौकटीत बसतं?

आता तुमच्या शिबिराबद्दल. फी परवडत असेल तर जा, चहा चांगला असतो. पण त्यापेक्षा एका रविवारी मुलाला लोकलने केडगावला न्या, दौंडच्या अलीकडे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दोन वर्षांची मनोरमाही होती. पुढे मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून कडकडीत वाद झाला. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच या बाईने सुनावलं, की माझ्या मुलीला काय आणि केव्हा शिकवायचं ते मी ठरवणार. तीच मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात उभी राहिली. 1921 मध्ये ती गेली, पुढच्या वर्षी रमाबाई. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल 1924 मध्ये केडगावातच छापून पुरं झालं. तुमच्या मुलाला शाळेत कुणीतरी विचारणारच आहे, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसं काय बोलता?" माझ्या मुलीला तिसरीत विचारलं होतं, बाईंनीच. त्याआधी त्याने केडगाव बघितलेलं बरं.

घरची प्रार्थना आजपासून सुरू करा. सहा वर्षांच्या मुलाला सात मिनिटं पुष्कळ झाली, आणि त्यातलं एक पद मराठीत असू दे. प्रार्थनेला शिक्षा करू नका आणि बक्षीसही करू नका, दोन्ही मी करून बसले आहे. बापाने रागावल्यावर मुलाची माफी मागितलेली मुलाने एकदा तरी बघू दे. मी त्या धपाट्याबद्दल माफी मागितली ती मुलगी सत्तावीस वर्षांची झाल्यावर. तिला धपाटा आठवतही नव्हता. मुंग्या आठवत होत्या.

आणि गणपतीत जाऊ द्यावं की नाही हे मी सांगणार नाही. तुमची चर्चमधली मंडळी, तुमच्या घरातले वडीलधारे, तुमचा विवेक. काही घरांनी फार सोसून ही वाट धरलेली असते, त्यांच्या आजीला मांडव बघूनही काय काय आठवत असेल, तिला माझं उदाहरण देऊ नका. पण काय ते ठरवा आणि शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. पोराला निरोप्या करू नका.

आता थोडं ताईंच्या बाजूचं, नाहीतर घरी कुणी वाचलं तर पंचाईत. त्यांचे दोन्ही मुलगे तक्त्यावरच वाढले आणि दोघंही चांगले निघाले. धाकटा कॅनडात आहे, तिथल्या मंडळीत पेटी वाजवतो. तेव्हा माझा सिद्धान्त तिथे लंगडा पडतो. 2012 मध्ये मुलीला डेंग्यू झाला तेव्हा मला रजा मिळेना. नऊ रात्री ताई दवाखान्यात बसल्या, आणि मुलगी म्हणते की, मी झोपले आहे असं समजून आत्या हळू आवाजात तेविसावं स्तोत्र म्हणायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून.

मुलीने दृढीकरण घेतलं, 2019 मध्ये, पंचवीस वर्षांची असताना, बंगळूरला, तिच्या तिथल्या चर्चमध्ये. मला रविवारी दुपारी फोटो आला. आदल्या रात्री तिने फोन केला होता तो आत्याला. दीड तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही, आणि ताईंनीही त्यावरून मला आजवर एका शब्दाने ऐकवलेलं नाही. गेल्या नाताळला जेवणं झाल्यावर मी वाट बघत होते. त्या उठून भांडी आवरायला लागल्या.